नेत्र-आपत्काल
दृष्टी कायमची गमावण्याचा धोका असलेली, तातडीचा उपचार लागणारी डोळ्याची अवस्था. कारखाने आणि भातखाचरे शेजारी असलेल्या शिळफाटा-खोपोलीसारख्या परिसरात दोन्हींकडच्या इजा संभवतात. चुना, कॉस्टिक सोडा किंवा आम्ल डोळ्यात गेल्यास पहिली मिनिटे निर्णायक असतात. चुना व कॉस्टिक सोडा ही अल्कली आम्लापेक्षा खोल शिरतात. म्हणून पापण्या उघड्या धरून, चुन्याचे कण काढत, स्वच्छ पाण्याने किमान 15 ते 30 मिनिटे डोळा धुवावा, रुग्णालय त्यानंतर. याउलट धातूची कपची बुबुळात रुतली असेल, तर धुणे, चोळणे, ती ओढून काढणे टाळावे. डोळ्यावर दाब न देता कागदी पेला उपडा बसवून रुग्णाला न्यावे. भाताचे पाते किंवा तूस लागून बुरशीचा व्रण होऊ शकतो. त्यावर दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब घातक ठरतात. वेल्डिंगची झळ काही तासांनी जाणवते. तीव्र काचबिंदूत डोळेदुखी व उलट्या होतात आणि दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात. हे पित्त समजून वेळ दवडला जातो. एकाएकी चमका किंवा पडदा दिसणे हे दृष्टिपटल सुटल्याचे लक्षण असू शकते. वेदना नसली तरी त्याच दिवशी तपासणी हवी. रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक आहे.