इंजिनाचा श्वास

गडचिरोलीहून पूर्वेस चाळीसएक किलोमीटरवर धानोरा लागते आणि तेथून रस्ता पुढे मुरुमगावावरून छत्तीसगडच्या हद्दीकडे जातो. रेल्वेची शीळ ह्या बाजूस ऐकू येत नाही. जे काही यावयाचे अथवा जावयाचे, ते चाकांवर व इंजिनाच्या बळावर. 2011 साली ह्याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावच्या ग्रामसभेस बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, त्याचा सर्व देशात बोलबाला झाला. परंतु परवाना हाती आला तरी बांबू जंगलातून बाहेर न्यावयाचा तो मालमोटारीनेच. एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपानाचा हंगाम येतो. ऊन त्या वेळी सर्वांत कडक असते, आणि हमरस्ता सोडून खेड्यांकडे वळणाऱ्या वाटांवर मुरमाची तांबडी धूळ गाडीमागे कितीतरी वेळ तरंगत राहते. पुढच्या गाडीने उडविलेली ही धूळ मागच्या गाडीच्या इंजिनाला श्वासाबरोबर घ्यावी लागते.

इंजिनाला श्वास लागतो, ही अलंकारिक भाषा नव्हे. एक किलो पेट्रोल नीट जळावयास सुमारे पंधरा किलो हवा लागते. मापात सांगावयाचे, तर एक लिटर पेट्रोलमागे इंजिन नऊ हजार लिटरांच्या आसपास हवा ओढून घेते. तेव्हा हवा आत येण्याची वाट अधिक मोकळी केली, तर इंजिनाचे बळ वाढेल, असे कोणासही वाटणे स्वाभाविक आहे. ह्याच स्वाभाविक समजुतीवर एक मोठा व्यापार उभा आहे. कारखान्याने बसविलेला एअर क्लीनर काढावयाचा, त्या जागी बाजारातून आणलेली रुंद तोंडाची नळी व शंकूच्या आकाराची उघडी चाळणी जोडावयाची, की गाडी निराळीच धावू लागते, असे विक्रेते सांगतात. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. परंतु त्यात खरे किती, हे समजून घेण्यास इंजिनाच्या तोंडाशी माणसाने आजवर काय काय बसवून पाहिले, ते पाहिले पाहिजे.

आरंभीच्या मोटारींना हवा गाळण्याची काही सोयच नव्हती. फोर्ड कंपनीची 1908 साली निघालेली सुप्रसिद्ध ‘टी’ मोटार कारखान्यातून बाहेर पडे ती एअर क्लीनरवाचून. मोकळ्या श्वासाचे ह्याहून मोकळे उदाहरण मिळावयाचे नाही! ह्या मोकळेपणाची किंमत प्रथम कळली ती शेतकऱ्यांना. ट्रॅक्टर नांगरटीच्या धुळीतच दिवसभर चाले. धुळीतील वाळूचे कण सिलिंडरात शिरून तेलाशी मिसळत, आणि दट्ट्या व सिलिंडर ह्यांच्यामध्ये पॉलिशकागद फिरवावा तसे काम करीत. अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतात ट्रॅक्टरविक्रीच्या धंद्यात असलेल्या फ्रँक डोनाल्डसन ह्याने 1915 साली ट्रॅक्टरला बाहेरून जोडावयाची एक साधी चाळणी तयार केली, आणि तिच्यातून पुढे त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली. म्हणजे इंजिनाच्या श्वासमार्गावर बाहेरून जोडलेल्या उपकरणांत ज्यांनी प्रथम नाव मिळविले, त्यांतले हे एक बळ वाढविण्याकरिता नव्हतेच. होते ते बळ टिकविण्याकरिता. आजच्या जाहिराती वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

बळ खरोखर वाढविण्याचा मार्ग निराळा निघाला. स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी ह्याने 1905 साली एका कल्पनेचे पेटंट घेतले: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंनी एक चक्र फिरवावयाचे आणि त्या चक्राच्या जोरावर हवा दाबून आत कोंबावयाची. हीच आजची टर्बो. तिची कसोटी सप्टेंबर 1918 मध्ये अमेरिकेतील पाइक्स पीक ह्या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर झाली. समुद्रसपाटीस सुमारे साडेतीनशे अश्वशक्ती देणारे लिबर्टी विमानइंजिन सॅनफर्ड मॉस ह्या यंत्रज्ञाने तेथे नेले. शिखरावरच्या विरळ हवेत ते 221 अश्वशक्तीवर उतरले. टर्बो जोडताच 356 पर्यंत चढले. अशी वाढ नळी रुंद केल्याने होत नसते. त्यासाठी हवेला दाबावे लागते, आणि दाबलेल्या हवेच्या मानाने इंधनही अधिक द्यावे लागते.

चाळणी आणि बळ ह्यांचा झगडा सर्वांत स्पष्ट दिसला तो दुसऱ्या महायुद्धात. उत्तर आफ्रिकेतील वाळवंटात व माल्टा बेटावर स्पिटफायर विमाने पाठविली, तेव्हा वाळूपासून इंजिन वाचविण्यासाठी त्यांच्या नाकाखाली व्होक्स नावाची मोठी चाळणी बसविली होती. इंजिन वाचले, पण विमानाचा वेग आणि चढण्याची शक्ती दोन्ही घटली. शत्रूच्या विमानांपुढे हे परवडणारे नव्हते. तेव्हा इजिप्तमधील अबूकीर येथल्या दुरुस्ती कारखान्यात कारागिरांनी 1942 च्या सुमारास स्वतःच्या अकलेने एक सुटसुटीत चाळणी बनविली. तिने धूळही अडविली आणि गेलेले बळ बरेचसे परतही आणून दिले. बाहेरून बसविलेल्या हवाप्रवेशाने यंत्राची कामगिरी सुधारल्याचे ह्याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. मात्र येथे सुधारणा झाली ती आधीची चाळणी अवजड होती म्हणून, ही अट विसरता कामा नये.

शिवाय विमानाचे गणित मोटारीस लागू पडत नाही. समोरून येणारा वारा तोंडात घेऊन इंजिनाला जादा दाब मिळतो, असे मोटारीच्या टपाला लावलेल्या पत्र्याच्या झडपांविषयी सांगतात. ताशी 580 किलोमीटर वेगाने जमिनीलगत जाणाऱ्या विमानाला वाऱ्याचा असा दाब वातावरणाच्या दाबाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत मिळू शकतो. ताशी शंभर किलोमीटर धावणाऱ्या मोटारीस तो अर्धा टक्काही मिळत नाही. धानोऱ्याच्या आतल्या वाटेवर चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या जीपगाडीस मिळणारा दाब तर हजारात एक भागाहूनही कमी. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे मंद वाहनाच्या वाट्यास त्यातले जवळजवळ काहीच येत नाही.

त्याच युद्धकाळात हिंदुस्थानातही मोटारीच्या श्वासमार्गाला एक विलक्षण वस्तू जोडली गेली. 1941 साली पेट्रोलवर नियंत्रण आले आणि प्रवासी गाड्या चालाव्यात कशा, हा प्रश्न पडला. त्यावर तोड निघाली ती कोळशाच्या गॅसची. घरातील वृद्ध माणसांनी ‘कोळशाची मोटार’ हे शब्द उच्चारलेले ज्यांनी ऐकले असतील, त्यांस तिचे रूप निराळे सांगावयास नको. गाडीच्या मागे अथवा बाजूस उभे लोखंडी पिंप. त्यात लोणारी कोळसा भरावयाचा, विस्तव घालावयाचा, आणि क्लीनरने हाताच्या पंख्याचे चाक फिरवीत बसावयाचे. पंधरा-वीस मिनिटांनी गॅस पेटण्याजोगा झाला, की तो थंड करून, गाळून, हवेत मिसळून इंजिनाला पाजावयाचा. लोणारी कोळशाची भट्टी रानालगतच्या गावांना नवखी नव्हती. पेट्रोल समुद्रापलीकडून येई, कोळसा मात्र रानातच होई.

परंतु ह्या गॅसचा निम्मा भाग नायट्रोजनचा, म्हणजे न जळणारा. सिलिंडरात जागा तेवढीच. तीत निरुपयोगी वायू शिरला, म्हणजे जळणाऱ्या वायूस जागा उरत नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाचे बळ ह्या गॅसवर तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत घटे. चढावर गाडी अडावी आणि उतारूंनी खाली उतरून पायी चालावे, हा त्या काळच्या प्रवासाचा भागच होता. राखेचे बारीक कण नीट गाळले गेले नाहीत, तर सिलिंडर झिजे; गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड हे विष असल्याने बंद जागेत पंखा फिरविणाऱ्याच्या जिवालाही धोका असे. इतके असूनही लोकांनी ही यातायात पत्करली, कारण अर्ध्या बळाने चालणारी गाडी उभ्या गाडीपेक्षा बरी. पेट्रोल मुबलक मिळू लागताच ती पिंपे भंगारात गेली, त्याचे कोणास दुःख झाल्याचे ऐकिवात नाही.

युद्धानंतर जीपगाडी आली. मुंबईस महिंद्र कंपनीने 1947 पासून विलिस जीप आणावयास आरंभ केला, आणि जंगलखात्यापासून डॉक्टरांपर्यंत सर्वांस ती उपयोगी पडली. तिच्या एअर क्लीनरमध्ये तेल असे. आत आलेल्या हवेला तेलाच्या पृष्ठावर एकदम वळण घ्यावे लागे. हवा वळे, परंतु जड धूळ सरळ जाऊन तेलात बुडे. युक्ती साधी, मात्र वेळच्या वेळी ते चिखल झालेले तेल काढून टाकणे हे माणसाचे काम. पुढे कागदी चाळणी आली, ती गाळण्यात ह्याहून सरस ठरली, आणि आजच्या बहुतेक गाड्यांत तीच असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. स्वच्छ कागदी चाळणी व तिची पेटी मिळून इंजिनाला जो अडथळा करतात, तो पुऱ्या वेगातही वातावरणाच्या दाबाच्या एक-दोन टक्क्यांच्या घरात असतो. म्हणजे चाळणी सर्वस्वी काढून फेकली, तरी त्याहून फारसा लाभ होणे नाही. आणि तोही इंजिन अतिशय जोरात फिरत असताना. शर्यतीच्या मोटारीस दोन टक्क्यांचे मोल आहे. बांबू भरून दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या मालमोटारीस ते कळणारही नाही. डिझेल इंजिनात तर सामान्यतः हवा गरजेहून अधिकच येते आणि बळ ठरते ते इंधनाच्या मापावर. ज्या गाडीत टर्बो आहे, तीत हवेचा दाब गाडीतील नियंत्रक यंत्र आधीच ठरवून देते. नळी बदलून त्या यंत्राचा हुकूम बदलत नाही.

राहिली उष्णतेची गोष्ट, आणि चांद्याच्या मुलखात तिला खरोखर महत्त्व आहे. चंद्रपुरास उन्हाळ्यात पारा 47 अंशांवर जातो. पंधरा अंशांच्या थंड हवेच्या तुलनेत ही हवा दहा टक्क्यांनी विरळ असते, आणि बॉनेटखाली ती साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापली, तर आणखी पाच टक्क्यांच्या आसपास विरळ होते. तेव्हा बॉनेटखालची तापलेली हवा न घेता बाहेरची घ्यावी, हा विचार योग्यच. पण बहुतेक कारखानदारांनी तो आधीच केलेला असतो: मूळ नळीचे तोंड समोरच्या जाळीजवळ, बाहेरच्या हवेकडे वळविलेले असते. बाजारातील उघडी शंकूची चाळणी मात्र पुष्कळदा इंजिनाशेजारीच बसते आणि तीच तापलेली हवा ओढते. थंड हवेच्या नावाने पैसे देऊन गरम हवा विकत घेण्याचा हा प्रकार आहे. अशा चाळणीचा आवाज मोठा होतो, हे खरे. मूळच्या पेटीने दाबून ठेवलेला इंजिनाचा घुरघुराट मोकळा होतो, आणि गाडीवानाच्या कानास तो बळासारखा वाटतो.

मूळ चाळणी तुंबलेली असेल, तर गोष्ट वेगळी. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत हवा कमी पडली, की पेट्रोलचे प्रमाण वाढून ते वाया जाई. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेने 2009 साली संगणकनियंत्रित इंधनपुरवठ्याच्या पेट्रोल गाड्या तपासल्या, तेव्हा तुंबलेल्या चाळणीने इंधनाचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. मात्र गाडी वेग घेण्यास मंद झाल्याचे दिसले. अशा गाडीत नवी चाळणी घातली, की ती जणू नवी होते. हा गुण नव्या चाळणीच्या रुंद तोंडाचा नसून जुनीतली धूळ गेल्याचा असतो. विक्रेत्याच्या दुकानातील पुष्कळशा चमत्कारांचे मूळ येथे आहे.

उलट बाजूचा हिशेब अधिक गंभीर आहे. मोकळा श्वास देणारी चाळणी पुष्कळदा धुळीलाही मोकळीक देते, आणि जोडाशी केसभर फट राहिली, तर सारी धूळ चाळणीला वळसा घालून आत जाते. त्याची चाहूल गाडीवानास लगेच लागत नाही. काही हजार किलोमीटरनंतर तेल जळू लागते, निळसर धूर दिसतो, आणि मग इंजिन खोलून सिलिंडर बोअर करावयाचा खर्च पुढे उभा राहतो. शहरात अशी गाडी गॅरेजमध्ये जाते; जेथे एका जीपगाडीवर चार गावांची बाजारवाट आणि प्रसंगी बाळंतिणीची दवाखान्याची वाट अवलंबून असते, तेथे गाडी उभी राहिली म्हणजे ती वाट बंद होते.

धुळीच्या मुलखासाठी यंत्रज्ञांनी काढलेला उपाय म्हणूनच वेगळा आहे. ट्रॅक्टरच्या उंच नळीवर छत्रीसारखा जो डबा दिसतो, त्यात हवेला भोवऱ्यासारखे फिरविले जाते. जड धूळ कडेस फेकली जाऊन तेथेच राहते, आणि बरीचशी निवळलेली हवा कागदी चाळणीपर्यंत पोहोचते. पुष्कळशा मालमोटारींत चाळणीच्या पेटीच्या तळाशी रबराची एक चपटी झडप असते. तेंदूपानाच्या दिवसांत संध्याकाळी गाडी थांबल्यावर ती झडप दोन बोटांनी दाबली, की दिवसभराची तांबडी धूळ खाली पडते.