चावीचं आणि सेलचं

वऱ्हाडात मनगटी घड्याळाच्या जाती दोनच. एक चावीचं, दुसरं सेलचं. 'मेकॅनिकल' आणि 'क्वार्ट्झ' हे शब्द मी अकोल्याहून अमरावतीला इंजिनिअरिंगला आणि तिथून पुण्याला नोकरीला आल्यावर कधीतरी शिकलो. आता हापिसात बघतो तर आमच्या टीममधली तीन-चार पोरं चावीच्या घड्याळांच्या नादाला लागलीत. एचएमटी जनता भारी की एचएमटी पायलट, ह्यावर जेवणाच्या टेबलावर वाद चालतात. खिशातल्या मोबाईलमध्ये अचूक वेळ असताना रोज सकाळी चावी द्यायचा हा उद्योग कशासाठी? म्हटलं, ह्या विकांताला जरा मुळापासून बघू.

आधी आकडे, कारण आपण पडलो इंजिनिअर :)

कुठलीतरी वस्तू ठरावीक गतीने हलती ठेवायची आणि तिचे हेलकावे मोजायचे, एवढंच घड्याळाचं काम. चावीच्या घड्याळात ही वस्तू म्हणजे केसासारख्या बारीक स्प्रिंगवर डोलणारं एक चाक. चावी दिली की मोठी स्प्रिंग आवळली जाते आणि दीडेक दिवस ह्या चाकाला ढकलत राहते. साध्या घड्याळात सेकंदाला 5 ठोके, म्हणजे दिवसाला 4 लाख 32 हजार. सेलच्या घड्याळात चिमट्याच्या आकाराचा क्वार्ट्झचा इवलासा तुकडा विजेवर सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. आकडा ओळखीचा वाटला ना? दोनचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला बरोबर एक ठोका.

चावीचं घड्याळ दिवसाला 20 सेकंद चुकलं तरी ते 99.97 टक्के बरोबर असतं. सेलचं महिन्याला 15 सेकंद चुकतं, म्हणजे 99.999 टक्क्यांच्या वर. आपल्या सर्व्हरच्या भाषेत एक थ्री नाइन्स आणि दुसरं फाइव्ह नाइन्स. सामना इथेच संपला.

त्यात आमच्या अकोल्याचा मे महिना. 45 अंशांत साध्या पोलादाची बारीक स्प्रिंग सैलावते आणि घड्याळ मागे पडतं. ह्यावर उपाय म्हणून उष्णतेने फारसा न बदलणारा मिश्रधातू शार्ल गियोम ह्या स्विस शास्त्रज्ञाने शोधला. त्याच्या निकेल-पोलादावरच्या कामाला 1920 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. क्वार्ट्झही काही उन्हाळाप्रूफ नाही बरं का. तो साधारण 25 अंशांसाठी जुळवलेला असतो. 45 अंशांच्या खोलीत टेबलावर पडून राहिला तर दिवसाला सेकंदभर मागे पडतो. वऱ्हाडचं ऊन कोणालाच सोडत नाही.

आता इतिहास. हिंदुस्तान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी 1953 साली बंगळूरला निघाली, ती कारखान्यांना लागणारी यंत्रं बनवायला. 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने तिने घड्याळं सुरू केली. तोवर चांगलं घड्याळ म्हणजे बाहेरून आलेलं, बहुतेक स्विस. एचएमटीने ते मास्तरांच्या आणि कारकुनांच्या मनगटावर आणलं. पोरगा मॅट्रिक झाला की घड्याळ, जावयाला लग्नात घड्याळ. 'देश की धडकन' ही त्यांची जाहिरात उगाच नव्हती.

पण एचएमटीसोबत आणखी एक गोष्ट गावोगाव पोचली, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ती म्हणजे दुरुस्ती. तालुक्याच्या बाजारात काचेच्या छोट्या पेटीमागे, डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. त्याने इंजिनिअरिंगचं कॉलेज पाहिलेलं नसायचं, पण घड्याळातला प्रत्येक दात त्याला माहीत असायचा.

तिकडे 25 डिसेंबर 1969 ला जपानच्या सेकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. किंमत साडेचार लाख येन, तेव्हा जवळपास मोटारगाडीएवढी! पण चिपचं जे होतं तेच झालं, किंमत धडाधड कोसळली. स्वित्झर्लंडच्या घड्याळ धंद्यात 1970 साली सुमारे 90 हजार लोक होते, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तीस हजारांच्या थोडे वर उरले. आपल्याकडे 1984 साली टाटा आणि तामिळनाडू सरकारच्या उद्योग महामंडळाने मिळून टायटन काढली. होसूरचा कारखाना, भर क्वार्ट्झवर आणि जाहिरातीत मोत्झार्ट. एचएमटीनेही सेलची घड्याळं काढली, पण गाडी सुटली होती. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

ह्यात सेलच्या घड्याळाला नावं ठेवू नयेत. ज्याला सकाळी सहाची एसटी पकडायची आहे त्याला दोन-तीनशे रुपयांत फाइव्ह नाइन्स मिळाले, ही लहान गोष्ट नाही. उलट मला वाटतं, चावीच्या घड्याळाचं आजचं आकर्षण सेलच्या घड्याळानेच निर्माण केलं. वेळ दाखवायच्या नोकरीतून त्याने चावीच्या घड्याळाला रिटायर केलं, म्हणून आपण आता निवांत त्याचं चाक डोलताना बघतो.

दिवाळीत अमरावतीला राजकमल चौकाजवळ अशाच एका काकांकडे थांबलो होतो. विचारलं, "काका, सेलचं घड्याळ दुरुस्त करता का?"

"त्यात काय दुरुस्त करा लागते बाबू? सेल टाकाचा. नाई चाललं तं मशीनच बदलवाची."

"आणि चावीचं?"

"आता तुमच्यासारखे पुण्या-मुंबईचे पोट्टेच आणतेत." मग पोराचा विषय निघाला. पोरगा मोबाईल रिपेअरिंग करतो. भिंगावर कोणी बसलं नाही.

माझ्या मते खरा मुद्दा हा. चावीचं घड्याळ आपल्याला आवडतं ते त्यातलं सगळं डोळ्यांना दिसतं आणि हाताने नीट करता येतं म्हणून. बॅटरीसुद्धा न उघडणारे फोन वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्याचं अप्रूप वाटणारच. पण 'नीट करता येतं' हे वाक्य कोणीतरी नीट करणारा आहे तोवरच खरं. तो उठला की पन्नास वर्षं चालणारी वस्तूही बंद डबाच होते.

कारखाना बंद झाल्याची निदान पेपरात बातमी आली. काचेच्या पेट्या मात्र एकेक करून उठताहेत, त्याची कुठे नोंद नाही.

तेव्हा मंडळी, जुनी एचएमटी घ्यायचीच असेल तर नेटवर बटण दाबण्याआधी आपल्या गावातला घड्याळवाला शोधा. तिथे बऱ्याचदा रंगवलेली तबकडी आणि इकडून-तिकडून जोडलेले भाग गळ्यात मारतात. घरातलं आजोबांचं घड्याळ कपाटात पडून असेल तर आधी तेच घेऊन जा. साफसफाईचे तो मागेल तेवढे पैसे द्या, घासाघीस करू नका. आणि वेळ असला तर तो मशीन उघडतो तेव्हा पाच मिनिटं उभं राहून बघा. जमलंच तर विचारा, शिकवता का म्हणून.