थुंबाचं आभाळ

मी शाळेत विज्ञान शिकवते. मिठाचा खडा बर्नरच्या ज्योतीत धरला की ज्योत पिवळीधमक होते; सोडियमची ही खूण पोरं कधी विसरत नाहीत. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी हाच पिवळा रंग केरळमधल्या थुंबाच्या आभाळात पसरला.

थुंबा म्हटलं की सायकलवर लादलेल्या रॉकेटच्या टोकाचा फोटो डोळ्यांपुढे येतो. तो फोटो मलाही आवडतो. पण त्याच्यामुळे थुंबा म्हणजे फक्त हलाखीतून वर आल्याची गोष्ट होऊन बसते, आणि रॉकेट उडवायला तीच जागा का निवडली, हे कुणी विचारतच नाही. चुंबकीय विषुववृत्त थुंबाच्या अगदी जवळून जातं. त्या पट्ट्यावर सुमारे १०० किलोमीटर उंचीवर दिवसा विजेचा एक जोरदार प्रवाह वाहतो. फुगे तिथवर पोचत नाहीत, उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत. तिथं रॉकेटच हवं. भारताचा अवकाश कार्यक्रम उभारणारे विक्रम साराभाई मूळचे विश्वकिरणांचे अभ्यासक. त्यांना आधी हे आभाळ हवं होतं.

त्या आभाळाखाली मात्र मच्छीमारांची वस्ती होती आणि सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी रविवारच्या प्रार्थनेत ही जागा रॉकेटसाठी द्यायची का, हे लोकांनाच विचारलं आणि लोकांनी होकार दिला, ही हकिगत अब्दुल कलाम सांगत. चर्चमध्ये रॉकेटची जुळणी होऊ लागली. पिढ्यान्‌पिढ्यांचा किनारा सोडून गेलेल्या त्या कुटुंबांचा वाटा आपण एका ओळीत उरकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिलं रॉकेट अमेरिकेचं नाइकी-अपाची, सोडियमचं उपकरण फ्रान्सचं. वेळ मुद्दाम तिन्हीसांजेची धरली होती : जमिनीवर अंधारलेलं, पण वर अजून ऊन. रॉकेटनं सोडलेली सोडियमची वाफ त्या उन्हात उजळली. तिचे वेगवेगळ्या ठिकाणांहून फोटो घ्यायचे, ढग कुठे, किती सरकला ते मोजायचं, की तिथल्या वाऱ्याचा वेग नि दिशा कळते. इतकी सरळ, सुंदर युक्ती!

कोल्हापुरात वाढलेले वसंतराव गोवारीकर १९६७ मध्ये इंग्लंडमधली नोकरी सोडून थुंबाला आले आणि घन इंधनाच्या कामाला लागले. त्याच वर्षी जेमतेम ७५ मिलिमीटर व्यासाचं, स्वदेशी रोहिणी मालिकेतलं पहिलं रॉकेट उडालं. पुढचे मोठे प्रक्षेपक श्रीहरिकोट्याला गेले, पण थुंबाचं काम थांबलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथून ‘आरएच-२००’ या छोट्या रॉकेटचं सलग २०० वं यशस्वी उड्डाण झालं. वरच्या हवेतल्या वाऱ्यांचा अभ्यास हे त्याचं एक ठरलेलं काम आहे.