'ॲकॉस्टिक-इलेक्ट्रिक' गिटार : नाव, नाद आणि निवड

वाद्याचे नाव एकदा रूढ झाले म्हणजे ते सहसा बदलत नाही. वाद्य मात्र त्या नावाच्या आश्रयाने बदलत राहते. ज्या वाद्यास आज 'ॲकॉस्टिक-इलेक्ट्रिक गिटार' म्हणतात, त्याचे नाव या सामान्य नियमास अपवाद आहे. त्या नावात दोन विशेषणे आहेत, ती परस्परविरोधी भासतात, आणि ती मूळ नावाला वेगवेगळ्या काळी व वेगवेगळ्या कारणांनी चिकटलेली आहेत. ही कारणे शोधू लागले असता त्या वाद्याच्या घडणीचा इतिहास उलगडतो. आणि तो उलगडल्यावर, हे वाद्य निवडताना आज पडणारे बरेचसे प्रश्न नवे नसून जुनेच आहेत, असे दिसून येते. प्रस्तुत लेखात याच क्रमाने विवेचन केले आहे.

१

'गिटार' हा शब्द स्पॅनिश 'गितार्रा'वरून आला. 'गितार्रा' अरबी 'कीथारा'वरून आणि तो ग्रीक 'किथारा'वरून आला, असे व्युत्पत्तिकार मानतात. 'सतार' या शब्दाशी असलेले त्याचे ध्वनिसाम्य पाहून दोहोंचे मूळ एकच असावे असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु 'सतार' हा फार्सी 'सेह-तार' म्हणजे 'तीन तारा' यापासून झालेला सामासिक शब्द आहे. 'गिटार'च्या अंती ऐकू येणाऱ्या 'तार'शी त्याचा संबंध नाही. शिवाय ग्रीकांची किथारा हे बिनदांडीचे, मोकळ्या तारांचे वाद्य होते. तेव्हा नाव टिकले, वाद्य बदलले. उलटपक्षी, गोव्यामुळे मराठीच्या शेजारी नांदलेल्या पोर्तुगीज भाषेत 'गितार्रा' म्हणजे फादो-गायनाच्या साथीचे बारा तारांचे वेगळेच वाद्य. आपण जिला गिटार म्हणतो तिला पोर्तुगालात 'व्हिओला' आणि ब्राझीलमध्ये 'व्हिओलांव' म्हणतात. तेथे वाद्य टिकले, नाव बदलले.

'ॲकॉस्टिक' हे विशेषण याहून निराळ्या प्रकारचे आहे. ग्रीक भाषेत त्याचा धात्वर्थ 'ऐकणे' असा आहे, आणि ऐकू न येणारे वाद्य असूच शकत नाही. म्हणून वर्णन या दृष्टीने ते निरर्थक ठरते. त्याचा अर्थ भेदक आहे: 'जी विजेची नाही ती'. विजेची गिटार जन्मास येण्यापूर्वी साध्या गिटारीस विशेषणाची गरजच नव्हती. मराठीत याचा उत्तम दाखला 'हातमाग' हा होय. पूर्वी विणकराचा माग तो माग. यंत्रमाग आला तेव्हा जुन्या मागाच्या नावामागे 'हात' लागला. अशा रीतीने नवी वस्तू आल्यामुळे जुन्या वस्तूस मागाहून मिळालेले नाव पुष्कळदा त्या जुन्या वस्तूच्या प्रतिष्ठेचे चिन्ह बनते. हातमागाच्या लुगड्याप्रमाणे ॲकॉस्टिक गिटारीसही 'अस्सल' असा भाव पुढे चिकटला. 'ॲकॉस्टिक-इलेक्ट्रिक' या नावातील अंतर्विरोध येथून सुरू होतो. अस्सलपणाही हवा आणि वीजही हवी, अशी ती मागणी आहे.

२

ही मागणी निर्माण का झाली, हे समजण्यासाठी गिटारीच्या मूळच्या उणिवेकडे वळले पाहिजे. गिटार हे गोड परंतु अल्पस्वर वाद्य आहे. एकोणिसाव्या शतकापासून तिच्या कारागिरांनी केलेल्या बहुतेक सुधारणांच्या मुळाशी आवाज वाढविण्याची धडपड आहे.

स्पेनमधील आल्मेरियाचा कारागीर आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) याने गिटारीचा देह मोठा केला आणि तिच्या तबलीखाली पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरणाऱ्या पट्ट्यांची रचना प्रमाणबद्ध केली. सतार करणारे ज्या पातळ फळीस 'तबली' म्हणतात, तीच गिटारीच्या नादाची मुख्य जन्मभूमी होय, असे त्याचे मत होते. ते सिद्ध करण्यासाठी त्याने १८६२ मध्ये एक गिटार अशी केली की, तिची तबली लाकडाची, परंतु पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या. ती आज बार्सेलोनाच्या संगीत-वस्तुसंग्रहालयात आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न निराळ्या वाटेने सुटला. जर्मनीतून १८३३ मध्ये न्यूयॉर्कला आलेला आणि पुढे पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे स्थायिक झालेला ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन (१७९६–१८७३) याच्या कारखान्यात १८४० च्या दशकात तबलीखालील पट्ट्या फुलीच्या आकारात बसवल्या जाऊ लागल्या. त्या वेळी तारा आतड्याच्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी पोलादी तारांचा प्रसार झाला. अशा सहा तारांचा एकत्रित ताण सत्तर-ऐंशी किलोपर्यंत जातो, आणि तो सोसण्यास ही फुली उपयोगी पडली. १९१६ मध्ये मार्टिन कारखान्यात 'ड्रेडनॉट' या युद्धनौकेचे नाव दिलेला रुंद व खोल देहाचा नमुना तयार झाला. नावात युद्धनौका यावी, यातच त्या काळाची आवाजाविषयीची आकांक्षा प्रकट होते. परंतु पितळी वाद्ये आणि नगारे यांच्या मेळात हीही गिटार बुडून जाई. लाकडाने जितके देण्यासारखे होते तितके देऊन झाले होते.

३

पुढचा उपाय विजेचा. जॉर्ज बोशॅम्प आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या प्रयत्नांतून १९३१-३२ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालेली गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवण्याची, हवाईयन पद्धतीची होती. तिचा देह ॲल्युमिनियमचा, आकार तव्यासारखा. म्हणून तिला 'फ्राइंग पॅन' हे नाव पडले. लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे, असा तिचा 'पिकअप' होता. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात कंप पावली की वेटोळ्यात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हे त्यामागील तत्त्व. या शोधाचे पेटंट १९३७ मध्ये मंजूर झाले. दरम्यान गिब्सन कंपनीची 'ईएस-१५०' ही पोकळ देहाची विजेची गिटार १९३६ मध्ये आली. १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चनने, जॅझच्या मेळात गिटारही एकल सूर घेऊन पुढे येऊ शकते, हे तिच्यावर दाखवून दिले.

येथे एक तात्त्विक भेद लक्षात ठेवला पाहिजे. चुंबकीय पिकअप तारेची हालचाल टिपतो. तबलीचा कंप त्याला जवळजवळ कळत नाही. आतड्याची वा नायलॉनची तार तर त्याला जाणवतच नाही. याचा अर्थ असा की, तोर्रेसने ज्या तबलीस गिटारीचा प्राण मानले तिला या उपायाने बाजूस सारले. विजेच्या गिटारीने पुढे भरीव लाकडाचा देह स्वीकारला तो या तर्काला अनुसरूनच. परंतु ज्यांना लाकडाचा नादच मोठा करून हवा होता, त्यांचा प्रश्न तसाच राहिला.

४

साध्या गिटारीस चुंबकीय पिकअप जोडण्याचे प्रयत्न लवकरच झाले. गिब्सनची 'जे-१६०ई' ही गिटार १९५४ मध्ये बाजारात आली. मात्र तिच्यापुढे एक नवे संकट उभे होते. ध्वनिक्षेपकातून निघालेला मोठा आवाज तबलीला कापवतो, तबली तारांना कापवते, तारांचा कंप पिकअपमधून पुन्हा ध्वनिक्षेपकाकडे जातो आणि या चक्रातून अखंड घुमणारा कर्कश ध्वनी उत्पन्न होतो. यासच 'फीडबॅक' म्हणतात. मोठ्या देहाच्या गिटारीत पेटीतील हवेचा स्वाभाविक कंप सेकंदास शंभरच्या आसपास असतो. पाचवी मोकळी तार ११० कंपनांची. त्यामुळे मंद्र सप्तकाच्या याच भागात हे घुमणे लवकर सुरू होते. जे-१६०ईच्या कारागिरांनी यावर उपाय म्हणून तबली थरांच्या लाकडाची केली आणि पट्ट्या शिडीसारख्या आडव्या बसवल्या. म्हणजे नाद मोठा करण्यासाठी त्यांनी प्रथम नाद दाबला. या गिटारीचा आवाज विजेविना काहीसा निस्तेज असे, तो यामुळेच. जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी १९६२ मध्ये अशा दोन गिटारी घेतल्या; आणि 'आय फील फाइन' (१९६४) या बीटल्सच्या गीताच्या आरंभी, ज्याला कारागीर दोष समजत तेच घुमणे मुद्दाम राखलेले ऐकू येते.

मार्टिन कंपनीने उलट मार्ग धरला. १९५८-५९ मधील 'डी-१८ई' या नमुन्यात उत्तम लाकडाच्या गिटारीवरच दोन चुंबकीय पिकअप व त्यांच्या कळा बसवल्या. त्यांच्या भाराने तबलीचा कंप मंदावला आणि घुमणेही थांबले नाही. सुमारे तीनशे गिटारी करून हा नमुना बंद करण्यात आला. एका कंपनीने लाकडाचा बळी दिला, दुसरीने दिला नाही. तरी फळ दोघींच्याही हाती पूर्णपणे आले नाही.

५

या कोंडीतून वाट काढणारे तत्त्व बरेच जुने होते. पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये असे दाखवले होते की, काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्भार प्रकट होतो. क्वार्ट्झ, टूर्मलीन एवढेच नव्हे, तर उसाच्या साखरेच्या स्फटिकातही त्यांना हा गुण आढळला. या दाबविद्युत्-तत्त्वावरील पिकअप घोडीवरील हाडाच्या पट्टीखाली ठेवला, तर तारेचा आणि तबलीचा दाब तो एकत्रच टिपतो. तारेस पोलादाचे बंधन उरत नाही. नायलॉनच्या तारांची गिटारही विजेस जोडता येते.

या तत्त्वाचा यशस्वी व्यापारी उपयोग करणाऱ्यांत हेलिकॉप्टरचा अभियंता चार्ल्स कामन हा प्रमुख होता. त्याच्या 'ओव्हेशन' गिटारी १९६६ मध्ये आल्या. त्यांची पाठ लाकडाची नसून कृत्रिम द्रव्याची व वाटोळी होती. १९७० च्या सुमारास घोडीत दाबविद्युत् पिकअप बसवलेले त्यांचे नमुने रंगमंचावर आणि दूरचित्रवाणीवर दिसू लागले. स्फटिकाकडून मिळणारा संकेत दुर्बळ आणि अतिशय उच्च विद्युत्रोधाचा असल्यामुळे गिटारीच्या आतच पूर्ववर्धक व त्यासाठी बॅटरी ठेवणे सोयीचे ठरले. पुढे जपानी कारखान्यांनी ही व्यवस्था सर्वसामान्य वादकाच्या आवाक्यात आणली. यामाहाची 'एपीएक्स' ही पातळ देहाची मालिका १९८७ मध्ये सुरू झाली.

लाकडाच्या इतिहासातही याच काळात पालट झाला, आणि त्याचा धागा भारताशी जुळतो. पाठ व बाजू यांसाठी प्रतिष्ठित मानलेले ब्राझीलचे शिसव दुर्मिळ झाल्यावर मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये भारतीय शिसवीचा अंगीकार केला. सह्याद्रीच्या रानांतही वाढणारे हे झाड अशा रीतीने अमेरिकन गिटारीचा नित्याचा भाग बनले.

६

स्फटिकाचा लाभ निर्दोष नव्हता. तार जोराने छेडली असता या पिकअपमधून आघातच अधिक ऐकू येतो आणि नाद कोरडा, चिरका होतो. म्हणून वादकाला उजव्या हाताचा भार कमी करावा लागला. याउलट, पूर्वी सभागृहात पोचू न शकणारे सूक्ष्म व्यापार आता पोचू लागले. अमेरिकन वादक मायकेल हेजेस (१९५३–१९९७) याच्या वादनात डाव्या हाताने तारेवर केलेले आघात आणि देहावर दिलेल्या थापा यांनाही स्वरांइतकेच स्थान आहे. 'एरियल बाउंडरीज' (१९८४) या त्याच्या ध्वनिमुद्रिकेतील वादनाचा प्रकार मोठ्या श्रोतृसमूहासमोर शक्य झाला तो पिकअपमुळेच. वर्धन हे केवळ मोठे करणे नसून काय मोठे करावे याची निवड असते, हे येथे स्पष्ट होते.

या साऱ्या प्रवासातील अंतर्विरोध १९८९ मध्ये सुरू झालेल्या 'अनप्लग्ड' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या नावात साठवलेला आहे. नावाचा अर्थ 'विजेपासून सोडवलेले'. परंतु नोव्हेंबर १९९३ मध्ये याच कार्यक्रमात कर्ट कोबेनने वाजवलेली गिटार म्हणजे १९५९ ची मार्टिन डी-१८ई होती, आणि ती वर्धकाला जोडलेली होती. कारखान्याने अयशस्वी ठरवलेल्या नमुन्यातील ही गिटार २०२० मध्ये साठ लाखांहून अधिक डॉलरना विकली गेली. श्रोत्यांनी ज्याला विजेविना नाद मानले, त्यात विजेचा वाटा होता. तरीही त्यांचा अनुभव खोटा होता असे म्हणता येत नाही.

७

हा इतिहास ध्यानात घेतला असता निवडीचा प्रश्न सुसंगतपणे मांडता येतो. पहिली कसोटी अशी की, गिटार प्रथम विजेविना वाजवून पाहावी. एकसंध लाकडाच्या तबलीचा नाद समृद्ध असतो व कालांतराने खुलतो, असा कारागिरांचा अनुभव आहे; थरांची तबली हवामान अधिक सोसते आणि घुमणेही आवरते. घरी वा लहान बैठकीत वाजवणाऱ्याने पहिलीस, आणि ढोल-ताशांच्या वा मोठ्या वाद्यवृंदाच्या शेजारी उभे राहणाऱ्याने दुसरीस पसंती द्यावी, हे जे-१६०ईच्या उदाहरणावरून सहज सुचते. दांडी सरळ आहे का, तारा पडद्यांपासून बेताच्या उंचीवर आहेत का, हेही याच वेळी पाहावे. कारण यांतील दोष कोणताही वर्धक झाकू शकत नाही.

दुसरी कसोटी विजेची. प्रत्येक तार सारख्या जोराने छेडून सहाही तारांचा आवाज समान येतो का, हे ऐकावे. एखादी तार क्षीण वाटल्यास घोडीवरील पट्टी पिकअपवर सर्वत्र सारखी टेकलेली नसते. नंतर हाताचा जोर वाढवीत न्यावा आणि नाद कोठे चिरका होतो ते पाहावे. पूर्ववर्धकावर शंभर कंपनांच्या आसपासचा भाग कमी करण्याची सोय आहे की नाही, हेही महत्त्वाचे आहे. ज्या गिटारीत पूर्ववर्धक नाही ती साध्या मिश्रकाला थेट जोडल्यास मंद्र स्वर हरवतात. तो दोष गिटारीचा नसून जोडणीचा असतो.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची, आणि ती वादकाने स्वतःलाच लावावयाची आहे. आपल्याला आपल्या गिटारीचा कोणता नाद दुसऱ्यापर्यंत पोचवावयाचा आहे: तारेचा, तबलीचा, की बोटांचा? चुंबक, स्फटिक आणि सूक्ष्म ध्वनिग्राहक या तीन साधनांनी या प्रश्नाची तीन उत्तरे दिली आहेत, आणि अलीकडच्या पुष्कळ गिटारींत त्यांतील दोन एकत्र असतात. 'ॲकॉस्टिक-इलेक्ट्रिक' या नावातील संयोगचिन्ह म्हणजे तडजोडीची खूण होय, असे पुष्कळदा समजले जाते. वस्तुतः तोर्रेसच्या कागदी पाठीपासून कामनच्या वाटोळ्या पाठीपर्यंत गिटारीचा अस्सलपणा कोणत्याही एका द्रव्यात कधीच नव्हता. तो छेडणारा हात आणि ऐकणारा कान यांमधील अंतर भरून काढण्याच्या प्रयत्नात होता. आणि ते अंतर जोपर्यंत आहे तोपर्यंत हे संयोगचिन्हही राहील.