‘जागा नाही’ म्हणण्याचा अधिकार

हिवाळ्यात मिनियापोलिसच्या आसपास साडेचार-पाचलाच अंधार पडतो. दोन वर्षं दर मंगळवारी त्या अंधारात शाळेतून घरी यायचं, खिचडीचा कुकर लावायचा आणि सहाच्या ठोक्याला लॅपटॉप उघडून झूमवरच्या वर्गात बसायचं, असा माझा क्रम होता. मी विशेष शिक्षिका आहे. आधी पुण्यात होते, आता इथे मिनेसोटात. पण मंगळवारी शिकत होते ते शिकवण्याबद्दलचं नव्हतं. ‘डायरेक्टर ऑफ स्पेशल एज्युकेशन’ या पदासाठी मिनेसोटा राज्य वेगळा परवाना मागतं, त्याचा हा अभ्यासक्रम होता. पुण्याहून आईनं फोनवर विचारलं, “अगं, साहेब व्हायला कशाला लायसन्स लागतं?”

मी हसून विषय बदलला. पण प्रश्न डोक्यात राहिला. डॉक्टरला परवाना का लागतो ते कळतं, शिक्षकालाही कळतं. फायली हलवणाऱ्या, बजेट मांडणाऱ्या, सह्या करणाऱ्या माणसाला तो का लागावा? उत्तर शोधताना मी अभ्यासक्रमाच्या बाहेर बरीच भटकले. हा लेख त्या भटकंतीचा आहे.

या पदाची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये सापडते. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, स्थलांतरितांच्या दाटीवाटीच्या वस्तीत, १८९९ च्या सुमारास एलिझाबेथ फॅरल नावाच्या शिक्षिकेनं इयत्ता नसलेला एक वर्ग सुरू केला. शाळेला कंटाळलेली, मागे पडलेली, कुठल्याच वर्गात न बसणारी मुलं तिनं घेतली. वर्ग वाढत गेले आणि १९०६ मध्ये तिला अशा सर्व वर्गांची ‘इन्स्पेक्टर’ नेमलं गेलं. विशेष मुलांच्या शिक्षणाचा कारभार हेच ज्याचं काम, अशा सुरुवातीच्या अधिकाऱ्यांपैकी ती एक. १९२२ मध्ये तिच्याच पुढाकारानं या क्षेत्रातल्या लोकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मुद्दा एवढाच, की पहिली ‘साहेब’ वर्गातून आलेली होती.

पण फॅरलसारखी माणसं अपवाद होती. १९१९ चा एक खटला आमच्या शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातला आहे. अँटिगो गावातल्या मेरिट बीटी या मुलाला जन्मापासून पक्षाघातासारखं अपंगत्व होतं. बोलणं अडखळत, लाळ गळे. अभ्यासात मात्र तो इतरांच्या बरोबरीनं चालत होता, पाचवीपर्यंत नेहमीच्याच शाळेत शिकला होता. त्याला बहिऱ्या आणि वाचादोष असलेल्या मुलांच्या वर्गात जायला सांगण्यात आलं. आईवडिलांनी नकार दिला, मंडळानं त्याला शाळेत घेतलं नाही, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मंडळाची बाजू उचलून धरली. त्याच्या दिसण्याचा इतर मुलांवर आणि शिक्षकांवर वाईट परिणाम होतो, हे कारण कोर्टाला पुरेसं वाटलं. मुलाला काय येतं हा प्रश्न त्यात जवळजवळ गौणच ठरला.

शाळेनं नाकारलेल्या अनेकांच्या वाट्याला मोठ्या सरकारी संस्था येत. मिनेसोटातली फॅरिबोची संस्था १८७९ मध्ये सुरू झाली. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे तीन हजारांहून अधिक माणसं राहत होती. ती १९९८ मध्ये बंद झाली. तिथल्या दफनभूमीत कित्येक थडग्यांवर नाव नसून फक्त क्रमांक होता. नंतर अपंगांच्याच एका चळवळीनं पाठपुरावा करून नावं कोरलेले दगड बसवायला लावले. मी हे ज्या रात्री वाचलं, त्या रात्री दुसऱ्या दिवशीचा बजेटचा स्वाध्याय काही केला नाही.

सगळं बदललं ते १९७० नंतरच्या पाच-सहा वर्षांत, आणि बदललं कोर्टात. पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांचं ‘मानसिक वय’ न गाठलेल्या मुलाला शाळा प्रवेश नाकारू शकत असे, तसा कायदाच होता. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांच्या संघटनेनं खटला भरला आणि १९७१ मध्ये राज्याला माघार घ्यावी लागली. दुसरा खटला राजधानी वॉशिंग्टनमधला, मिल्स नावाच्या मुलाचा आणि त्याच्यासोबतच्या सहा मुलांचा. तिथल्या यंत्रणेच्याच अंदाजानुसार शहरात सुमारे २२,००० अपंग मुलं होती आणि त्यांतल्या १८,००० पर्यंत मुलांना विशेष शिक्षण मिळत नव्हतं. शिक्षण मंडळाचं म्हणणं, पैसे नाहीत. न्यायाधीश जोसेफ वॉडी यांनी १९७२ मध्ये दिलेला निकाल मी तीनदा वाचला. पैसे कमी असतील तर ते असे वाटा, की कुठलंही मूल पूर्णपणे बाहेर राहणार नाही, असं त्यांनी बजावलं. तुटवडा निधीचा असो की प्रशासनाच्या ढिलाईचा, त्याचा भार अपंग मुलावर जास्त पडता कामा नये.

प्रशासनाची ढिलाई! आईच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडायला लागलं. तोवर मुलाला नाकारणं ही मुलाच्या उणिवेची गोष्ट होती. या निकालानं ती खुर्चीवर बसलेल्याच्या उणिवेची केली.

२९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सर्व अपंग मुलांना मोफत आणि योग्य शिक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली, तीही कुरकुरत. हा कायदा देता येईल त्यापेक्षा जास्त कबूल करतो आणि प्रशासकीय अटींचं जंजाळ उभं करतो, असं त्यांनी सहीसोबतच्या निवेदनात लिहून ठेवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. जादा खर्चासाठी केंद्राचा वाटा, एका मुलामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत, देण्याचं वचन होतं. अलीकडच्या वर्षांत तो पंधरा टक्क्यांच्याही खाली आहे. उरलेला खड्डा राज्य आणि स्थानिक शाळा भरतात. मिनेसोटात त्याला ‘क्रॉस-सब्सिडी’ म्हणतात आणि दर वर्षी या शब्दावरून भांडणं होतात.

पण ज्याला फोर्ड जंजाळ म्हणत होते, त्यातच एक महत्त्वाची ओळ आहे. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, ज्याला सगळे ‘आयईपी’ म्हणतात, एका टेबलाभोवती ठरतो. तिथे पालक असतात, शिक्षक असतात आणि शाळा चालवणाऱ्या यंत्रणेचा एक प्रतिनिधी असतो. हा प्रतिनिधी विशेष शिक्षण देण्यास किंवा त्यावर देखरेख करण्यास पात्र असला पाहिजे, असं कायदा म्हणतो. यंत्रणेकडे कोणती साधनं आहेत हेही त्याला ठाऊक असावं लागतं. म्हणजे टेबलावर ठरलेलं उद्या ‘वरून मंजुरी आली नाही’ म्हणून फिरवायची सोय नको.

मिनेसोटानं याच्या पुढचं पाऊल टाकलं. इथल्या नियमानुसार प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला विशेष शिक्षणाचा संचालक नेमावाच लागतो, एकट्यानं किंवा शेजाऱ्यांबरोबर मिळून. (डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे, निवडून आलेलं मंडळ असलेलं, शाळांसाठी कर लावणारं ते एक स्थानिक क्षेत्र असतं. काही इतकी लहान, की सगळी मुलं आपल्याकडच्या एका शाळेत मावतील.) उत्तरेकडे एकच संचालक कितीतरी डिस्ट्रिक्ट सांभाळतो. तिथला शिक्षक नोकरी सोडून दोन-तीनशे मैलांवरच्या विद्यापीठात येऊन राहणार कसा? म्हणून ऑनलाइन. माझ्या वर्गातला एक जण कॅनडाच्या सीमेजवळून बसायचा. बर्फाच्या वादळात त्याचा चेहरा गोठायचा आणि आवाज तेवढा यायचा.

ऑनलाइन म्हणजे सोपं, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. विद्यापीठ फक्त शिफारस करतं. परवाना राज्याचं मंडळ देतं. त्याआधी ३२० तास प्रत्यक्ष काम करावं लागतं, आणि ते लॅपटॉपवर होत नाही. आम्हाला कायदा होता, बजेट होतं, तक्रारींची सुनावणी होती. मला सर्वांत आवडलेला नियम साधा आहे. डिस्ट्रिक्टनं विशेष मुलांवर गेल्या वर्षी जेवढा खर्च केला, त्यापेक्षा यंदा, काही ठरावीक अपवाद सोडता, कमी करायचा नाही. दुसरा नियम, पालक येण्याची वाट न बघता अशी मुलं यंत्रणेनं स्वतःच शोधायची.

हा दुसरा नियम शिकवला त्या मंगळवारी मी कॅमेरा बंद केला होता. पुण्यात ज्या विशेष शाळेत मी काम करत असे, तिथे एक आई दर जूनला आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन येई. मंजूर संख्या भरलेली असायची. वरिष्ठांनी सांगितलेलं मीच बाहेर येऊन सांगायची, “यंदा जागा नाही.” “बाई, पुढच्या वर्षी नक्की?” ती विचारायची. तीन जून ती आली. चौथ्या जूनला आली नाही, आणि ती का आली नाही हे आम्ही कुणीही जाऊन विचारलं नाही.

मला तेव्हाही परवाना होता. भारतीय पुनर्वास परिषदेचा १९९२ चा कायदा विशेष शिक्षकाला नोंदणी सक्तीची करतो. नोंदणीशिवाय काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्याच्या मूळ यादीत वाचा-उपचारतज्ज्ञ आहेत, श्रवणयंत्रांचे तंत्रज्ञ आहेत, आम्ही आहोत. मंजूर संख्या ठरवणारा आणि वर्षातून एकदा हजेरीपट तपासायला येणारा अधिकारी त्यात नाही. मुलीला शिकवू शकणाऱ्या मला प्रमाणपत्र लागत होतं, तिला नाकारणाऱ्याला नव्हतं. अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. इथेही पालक वकील घेऊन येतात, इथेही मुलांचे महिने वाया जातात. पण जबाबदार कोण, हे विचारलं तर बोट ठेवायला एक नाव सापडतं.

माझ्या ३२० तासांतली एक दुपार सांगते. मार्गदर्शक संचालिकेनं मला पहिल्यांदा प्रतिनिधीच्या खुर्चीत बसवलं, स्वतः शेजारी बसल्या. फेफरं येणाऱ्या सात वर्षांच्या मुलासाठी आई बसमध्ये सोबतीला माणूस मागत होती. मार्च महिना होता, त्या खात्यातले पैसे संपलेले मी आदल्याच रात्री तक्त्यात पाहिले होते. ओठावर वाक्य आलं होतं, इंग्रजीत, पण चाल तीच. संचालिका माझ्याकडे बघत होत्या. मी डॉक्टरांचा अहवाल पुन्हा वाचला, बसचा प्रवास किती मिनिटांचा ते विचारलं, आणि आराखड्यात सोबतीचा माणूस लिहिला.

पैसे कुठून काढायचे हे आम्ही दोघी त्यानंतर संध्याकाळी सातपर्यंत शोधत बसलो. तासांच्या नोंदवहीत मी लिहिलं : बैठक, दीड तास, बजेट, तीन तास.