नकार म्हणजे बिघाड नव्हे

युनिक्समधला प्रोग्राम संपताना एक अंक मागे ठेवतो: शून्य म्हणजे काम फत्ते, बाकी अपयश. ही विभागणी अपुरी आहे. मजकुरात शोध घेणाऱ्या 'ग्रेप'ला शब्द सापडला नाही तर १ मिळतो, फाइलच वाचता आली नाही तर २. माणसाला प्रश्न विचारणाऱ्या साधनांत तिसरी शक्यता येते: माणूसच 'नको' म्हणतो. कंट्रोल-सीने थांबवलेल्या प्रोग्रामसाठी बॅश ही शेल १३० दाखवते, म्हणजे १२८ अधिक सिग्नल क्रमांक २; यादीतून निवड करायला देणाऱ्या 'एफझेडएफ'ने एस्केप कळीलाही तोच अंक दिला.

इतके अंक लक्षात कोण ठेवणार, हा आक्षेप रास्त आहे. १९८० च्या दशकात बीएसडी या युनिक्सच्या शाखेने ठरवलेले ६४ ते ७८ हे संकेत सर्वत्र रुजले नाहीत. पण सगळे १ वर ढकलले, तर स्क्रिप्ट नकारालाच बिघाड समजून तोच प्रश्न पुन्हा विचारील. संकेत मोजकेच असोत, नकाराला मात्र स्वतःचा अंक हवा.