बाहेरील कंपन्यांवरील न्यायाधिकार, पुणे

परराज्यातील वा परदेशी कंपनीवर पुण्यात दिवाणी दावा लावता येईल का, हे मुख्यतः दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २० वरून ठरते. दाव्याचे कारण अंशतः जरी पुण्यात घडले असले, तरी शिवाजीनगर येथील न्यायालयाला अधिकार मिळतो. नुसती शाखा पुरत नाही. कारणही तिथेच घडावे लागते. अशी शाखा असताना मुख्य कार्यालय मुंबईत आहे, एवढ्यावर मुंबईत दावा चालत नाही आणि करारात तसे कलम घालूनही तो अधिकार निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पटेल रोडवेज खटल्यात (१९९१) ठरवले. छोट्या व्यापाऱ्याला हा मोठाच आधार आहे. ग्राहकाला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातच तक्रारीची मुभा दिली.

तुलनेसाठी, अमेरिकेत इंटरनॅशनल शू खटल्यापासून (१९४५) दावा ज्या राज्यात लावला, त्या राज्याशी कंपनीचे किमान संबंध आहेत का, हे तपासले जाते.

बर्गर किंग ही अमेरिकी कंपनी २०११ मध्ये स्वतःच वादी म्हणून पुण्याच्या न्यायालयात आली, त्यामुळे तिच्यावरील अधिकाराचा प्रश्न उद्भवला नाही. नाममुद्रेचा तो दावा जिल्हा न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळला. अपील मुंबई उच्च न्यायालयात गेले.